पहिली पसंती

५ मे

आज शिवांजलीचा बारावीचा निकाल लागला. कॉमर्सला गणित घेतलं होतं, मार्क चांगले पडले. सगळ्या आळीत पेढे वाटले. "हवालदार रिटायर हून आला आन् आठवड्यात पोरीनं नाव काडलं," असं लोक म्हणत होते. यात माझं काही नाही. मी बावीस वर्षं फौजेत, पोर वाढली ती आईच्या हाताखाली. पण ऐकायला बरं वाटलं.

डायरीची सवय पलटणीतली. तिथं लिहायचो गस्त, हवामान, कोण आजारी, कोण छुट्टीवर. घरी आल्यापासून पान कोरंच जात होतं. आज लिहिण्यासारखं काही घडलं.

संध्याकाळी पोरीला विचारलं, "आता पुढं काय?"

"बीसीए. न्हाईतर बीबीए. दोन्हीला सीईटी एकच असती पप्पा, ती दिली हाय."

"फरक काय दोन्हीत?"

"एक कॉम्प्युटरचं, एक बिझनेसचं."

"आन् तुला काय पायजे?"

ती आईकडे बघायला लागली. मी म्हणालो, सावकाश ठरवू, आता मी घरीच आहे.

मी खोलीत गेलो की ती उठून उभी राहते. पोरीला शिस्त चांगली आहे.

११ मे

निर्णय घ्यायचा तर आधी माहिती काढावी लागते. आज पलूसला जाऊन दोन-तीन मास्तर लोकांना भेटलो. एकानं सांगितलं कॉम्प्युटर, एकानं सांगितलं बिझनेस, तिसरा म्हणाला पोलीस भरती बघा. मदत झाली नाही.

घरामागं संयोगितानं, माझ्या बायकोनं, उसाच्या रोपांची नर्सरी घातली आहे. हिरव्या जाळीखाली ट्रे मांडायचे, त्यात उसाचा एकेक डोळा लावायचा, महिन्याभरात रोप तयार होतं. शेतकरी येऊन घेऊन जातात. मी मागं एका छुट्टीवर आलो तेव्हा चार ट्रे होते. आता जाळी पार विहिरीपर्यंत गेली आहे आणि सकाळी पाच-सहा बायका कामाला येतात. घरबसल्या बाईमाणसाला विरंगुळा म्हणून ठीक आहे.

आज तिथं जरा उभा राहिलो. शिवांजली मोबाइलवर कुणाला कधी किती रोपं द्यायची ते बघून आईला सांगत होती. बोट भराभर चालत होतं. मला तिथंच उत्तर मिळालं. पोर धंद्यात हुशार आहे. म्हणजे बीबीए. सांगलीला चांगलं कॉलेज आहे असं ऐकतो. पलूसहून एसटी आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी.

बीसीएचं जे कॉलेज तिच्या मनात आहे ते साताऱ्याला. म्हणजे हॉस्टेल आलं.

तिला वांग्याची भाजी आवडत नाही. आज कळलं. ताटात वाढली तर खाते, पण शेवटी.

१९ मे

संयोगिताचा भाचा शंभूराज पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. गावातल्या एका लग्नाला आला होता, त्याला बाजूला घेतलं.

"मामा, सध्या दिवस वाईट हायेत," तो म्हणाला. "एआय आल्यापास्नं नवीन पोरं घेणं कमी केलंय. आमच्या टीममधली चारजणं घरी बसली."

हे मला माहीतच होतं, पेपरात येतं. तरी खात्री करून घेतलेली बरी. मशीनच जर सगळं लिहिणार असेल तर पोरीनं तीन वर्षं ते कशाला शिकायचं?

तो पुढंही बोलला. जो नुसतं पाठ करून पास होतो त्याची अडचण आहे, ज्याला खरंच डोकं चालवायला आवडतं त्याला अजून मागणी आहे, शिवाला आवडत असेल तर अडवू नका, वगैरे. ते सगळं इथं लिहायची गरज नाही.

घरी येऊन फक्त पहिला भाग सांगितला. शिवांजली म्हणाली, "शंभूदादा मला फोनवर बोलला पप्पा." आणि चहाचे कप घेऊन आत गेली.

३ जून

माझ्या हातून घोटाळा झाला.

आडसाली, म्हणजे पावसाळ्यातल्या उसाच्या, लागणीचा हंगाम तोंडावर आलाय, नर्सरीवर गाड्यांची रीघ आहे. काल दोघी मायलेकी बँकेत गेल्या होत्या तेव्हा गुंडा आला. माझा शाळेतला दोस्त. म्हणाला, "लाल्या, दोस्ताला काय ताटकळत ठिवतोस व्हय?" मला लाज वाटली. समोर तयार ट्रे दिसत होते, ते भरून दिले.

ते ट्रे कवठे महांकाळकडच्या एका गिऱ्हाईकाचे होते. आज तो टेम्पो घेऊन आला. रान ओलवून, सऱ्या सोडून, माणसं सांगून आलेला. रोपं नाहीत म्हटल्यावर तो जे बोलायला लागला ते ऐकून माझा हात उचलला गेला असता. फौजेत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

संयोगिता जाळीतून बाहेर आली. हात चिखलाचे. तिनं त्याला पूर्ण बोलू दिलं. मध्ये एक शब्द नाही. मग म्हणाली, "दादा, चूक आमची हाय. तुमचं रान वाळू देत न्हाई. त्या कडंच्या ओळीतली रोपं आठ दिसांत तयार हुतील, ती मी माझ्या गाडीनं तुमच्या बांधावर पोच करते. आता च्या घ्या, उन्हातनं आलाय." तो खुर्चीवर बसला, आपल्या बोअरची कथा सांगायला लागला. जाताना भावासाठी आणखी ट्रे सांगून गेला.

या सगळ्यात शिवांजली कुठं दिसेना. टाकीच्या मागं सापडली. "मला त्या मानसाची भीती वाटली," म्हणाली. मग सगळी दुपार मोबाइल घेऊन बसली होती. संध्याकाळी दाखवायला आली. आता तयार असलेल्या ट्रेंपेक्षा जास्त कुणाला द्यायला गेलं तर तो आकडा लाल होतो. कुणाचे राखलेले आहेत ते नावही येतं. तिनं स्वतः बसवलं ते, कुणी शिकवलं नाही. दाखवताना तिचे डोळे असे झाले होते की मला तिचं लहानपण आठवलं, म्हणजे फोटोतलं.

मी म्हणालो, "बघ, धंदा तुझ्या रक्तातच हाय."

ती काहीतरी बोलणार होती. मग "व्हय पप्पा" म्हणाली.

१६ जून

शिवांजलीला घेऊन सांगलीला गेलो. बीबीएचं कॉलेज पाहिलं. उत्तम आहे. इमारत मोठी, फाटकाजवळच एसटीचा थांबा. बाई प्रवेशाचं समजावून सांगत होत्या, मी सगळं लिहून घेतलं. शिवांजलीनं एकच विचारलं, कॉम्प्युटरची लॅब कुठं आहे. ती बंद होती.

गणपतीचं दर्शन घेतलं. पोरीनं भडंग घ्यायला लावला, तो तिला लय आवडतो हे नवीन कळलं. आम्ही पुलावर थांबून नदी बघत तो खाल्ला. ती शाळेतल्या मैत्रिणींचं सांगत होती. कोणाचं लग्न ठरलं, कोण नर्सिंगला गेली. मी काही बोललो नाही, मध्येच थांबली तर पुन्हा सुरू होईल की नाही याची खात्री नव्हती.

परतताना खिडकीशी बसली आणि झोपली. डोकं माझ्या खांद्यावर आलं. माझा हात बधिर झाला पण हलवला नाही. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा त्याला खुणेनंच सांगितलं.

सांगलीचं कॉलेज सगळ्या दृष्टीनं योग्य आहे.

२४ जून

संयोगिता म्हणाली, एकच बघून कसं ठरवता, सातारा पण बघून या. म्हणून आज गेलो. कराडला गाडी बदलावी लागते. स्टँडवर ज्ञानू घ्यायला आला होता. आमच्या पलटणीतला, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला, आता साताऱ्यातच असतो. बायको-मुलं तिथंच.

कॉलेजच्या त्रुटी लिहून ठेवतो. एक, स्टँडपासून लांब. दोन, रस्त्याला चढ फार, आणि पावसात निसरडा. तीन, हॉस्टेलच्या मेसमधली चपाती जाड. चार, हॉस्टेलच्या खिडक्यांना डास येतात. पाच, किल्ल्याच्या बाजूनं गार वारा सारखा येतो, पोरीला सर्दी लवकर होते, असं संयोगितानं एकदा पत्रात लिहिल्याचं आठवतं.

कॉलेजात शेवटच्या वर्षाची पोरं आपापली कामं दाखवायला बसली होती. एका पोरीनं वाईकडच्या कुणा स्ट्रॉबेरीवाल्यासाठी काहीतरी केलं होतं, रोपं कधी लावली की फळ कधी आणि किती निघेल ते दाखवणारं. शिवांजली त्या पोरीजवळ जी उभी राहिली ती हलेना. "उशिरा पाऊस झाला तर? ते कुठं धरलंय?" असं विचारत होती. त्या पोरीला उत्तर येईना. मग दोघी खुर्च्या ओढून बसल्या आणि कागदावर रेघा मारायला लागल्या. मी आणि ज्ञानू बाहेर दोनदा चहा पिऊन आलो.

जी पोर टाकीमागं लपते ती ही नव्हेच असं वाटलं.

ज्ञानू म्हणाला, "पोरगी हितंच रमंल बघ. घाबरू नगंस, आमी हाय की. रविवारी घरी जेवायला आनू तिला."

"चढ लय हाय गड्या हितं," मी म्हणालो.

"तुला? सियाचीनला जाऊन आलास की तू."

"मला न्हाई. तिला."

येताना गाडीत ती झोपली नाही. खिडकीबाहेर बघत एकटीच हसत होती.

२६ जून

आज निर्णय सांगितला. जेवण झाल्यावर सगळ्यांना बसवलं. आबा, म्हणजे माझे वडील, तेही होते. मी मुद्द्यानं बोललो. कॉम्प्युटरचं भविष्य अनिश्चित आहे. घरात धंदा आहे, त्याला शिकलेलं माणूस पाहिजे. सांगलीचं कॉलेज चांगलं आहे. तेव्हा बीबीए, सांगली.

शिवांजली म्हणाली, "जी पप्पा."

मला वाटलं होतं रडारड होईल, वाद होतील. काही नाही. संस्कार चांगले असले की अशी कामं सोपी होतात.

संयोगिता भांडी जरा जोरात ठेवत होती. नर्सरीचं काम वाढल्यामुळं थकली असेल.

४ जुलै

घरात शांतता आहे. शिवांजली वेळेवर उठते, वेळेवर जेवते. आज ताटातली वांग्याची भाजी सगळ्यात आधी खाल्ली. आईला मदत करते, पण ते मोबाइलवरचं आता आईलाच भरायला सांगते. आज एक आकडा लाल झाला होता तर संयोगितानं मला विचारलं, "हे का झालं?" मला कुठं माहीत. शिवांजलीला हाक मारली तर म्हणाली, "आता तुमीच शिका की पप्पा, माझं कॉलेज सुरू झाल्यावर कोण बघणार?" रागानं नाही, साधंच बोलली.

सांगलीला जाऊन संध्याकाळी घरीच येणार आहे. मग बघणार नाही असं का म्हणाली ते कळलं नाही.

सकाळी तिच्यासाठी चहा करतो. गेले काही दिवस तेवढंच काम माझ्याकडे. आधी चहा घेता घेता चार गोष्टी सांगायची. आता "थँक्यू पप्पा" म्हणते आणि कप घेऊन जाळीकडे जाते.

६ जुलै

आज संयोगिता माझ्याशी बोलली. ट्रे धूत होतो दोघं. ती म्हणाली, "आवं, एक ईचारू का?"

"ईचार की."

"समजा सांगलीत कॉम्प्युटरलाच जागा मिळाली. तर?"

"तर काय, घ्यायची."

"आन् ते मशीन सगळ्या नोकऱ्या खानार हुतं ते?"

मी ट्रे घासत राहिलो.

"बरं, सातारला बीबीए मिळालं तर धाडाल?"

"तिथं चढ लय हाय."

"चढ!" ती म्हणाली. हातातला ट्रे पाण्यात सोडून दिला. "आवं, धंदा शिकायचा तर तो माझ्याजवळ हाय की. इतकी वरसं कुनाला न ईचारता केला मी. तिला माल ईकायचा न्हाई. गिऱ्हाईक आलं की ती टाकीमागं पळती, तुमी बगितलं न्हाई का? तिला ते आकड्यांचं कोडं सोडवायला आवडतं. तुमी तिच्याकडं बगताय का सांगलीच्या गाडीकडं?"

मी म्हणालो, मी तिच्या भल्याचंच बघतोय.

"मी कुटं न्हाई म्हनते?" ती म्हणाली आणि मग आवाज खाली आणला. "मला बी वाटतं तिनं घरात असावं. मला सवय हाय मानसं लांब ठिवायची, म्हनून मी बोलत न्हाई एवडंच."

हिचा रोख काय होता त्याचा विचार करतोय.

७ जुलै

आबांना सोबत घेऊन मळ्यात गेलो होतो. बांधावर बसलो. ते कमी बोलतात. मीच विषय काढला. म्हणालो, "आबा, मी भरतीला गेलो तवा तुमाला काय वाटलं हुतं?"

"काय वाटायचं? मी तुला दूध डेअरीत चिकटवायचं बोलून आल्तो. हितल्या हितं ऱ्हाशील म्हनून."

हे मला माहीत नव्हतं. "मग मला का न्हाई बोलला?"

"तू ईचारलंस कवा? कोल्लापूरला भरती हाय, चाललो, म्हनून पिशवी उचलून गेलास. ईचारलं असतंस तर मी न्हाईच म्हनलो असतो." त्यांनी तंबाखू मळली. "तुजी पोरगी ईचारती. तेवडंच तिचं चुकलं."

मग पाटाचं पाणी फुटलं म्हणून ते उठले.

त्यांनी मला अडवलं असतं तर? दूध डेअरीत असतो. रोज घरी असतो. शिवांजली चालायला लागली ते बघितलं असतं. हे असं मनात आलं. आणि हेही आलं, की मी आबांना आयुष्यभर माफ केलं नसतं.

९ जुलै

ऑप्शन फॉर्म भरायचा होता. पलूसला नेट कॅफेत गेलो, मी आणि शिवांजली. मोटरसायकलवर मागं बसली होती, मधे हातभर अंतर ठेवून.

कॅफेवाल्या पोरानं विचारलं, "पयली पसंती?"

"बीबीए, सांगली," ती म्हणाली. पहाऱ्यावरचा जवान पासवर्ड सांगतो तशी.

मी म्हणालो, "थांब."

दोघंही माझ्याकडं बघायला लागली. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं, पण ते सगळं गेलं डोक्यातून. म्हणालो, "शिवा, तू मला ईचारलंस म्हनून मी सांगितलं. आता मी तुला ईचारतो. तुला काय पायजे?"

ती त्या पोराकडं बघायला लागली. मागं दोघं-तिघं ताटकळत उभे होते. पोरगा म्हणाला, "ताई, लवकर."

"त्याच्याकडं बगू नगंस," मी म्हणालो. "आईकडं बी न्हाई, ती हितं न्हाई. माझ्याकडं बग आन् सांग."

"सातारा," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाली, "बीसीए, सातारा. पप्पा, पन तिथं चढ लय हाय."

आईनं सांगितलं असणार. मला हसू आलं. तिलाही आलं. कॅफेवाल्याला काही कळलं नाही.

सांगलीचं बीबीए दुसऱ्या नंबरला टाकायला तिनंच सांगितलं. म्हणाली, "मिळालं तर तेबी करीन पप्पा. नाराजीनं न्हाई." मी म्हणालो, बघू.

परतताना मधलं अंतर नव्हतं. सारखं काहीतरी कानात सांगत होती. वाऱ्यानं अर्धं ऐकू आलं नाही, तरी मी "व्हय, व्हय" करत होतो.

२२ जुलै

साताऱ्याला जागा मिळाली.

संयोगितानं देवापुढं साखर ठेवली. आबांनी विचारलं, "मंजी आता नेमकं काय शिकनार ती?" शिवांजलीनं तासभर समजावून सांगितलं. शेवटी आबा म्हणाले, "असू दे. कळतंय तुला तर झालं."

मला बरं वाटलं आणि वाटलंही नाही. दोन्ही लिहून ठेवतो.

३० जुलै

शिवांजली मला ते मोबाइलवरचं शिकवते आहे. तिला वाटतं मी मुद्दाम चुकतो. मुद्दाम नाही. निदान सगळ्या वेळी नाही.

आता गाड्या भरून द्यायचं काम माझ्याकडे आहे. संयोगिताला विचारल्याशिवाय एक रोप बाहेर जात नाही. आज गुंडा पुन्हा आला होता. त्याला सांगितलं, "मालकीनबाईला ईचार." तो हसला. मी हसलो नाही, खरंच तिला विचारायला पाठवलं. गेल्या वेळच्या घोटाळ्याबद्दल तिनं मला एकदाही बोल लावला नाही, हे मला आज त्याच्याशी बोलताना लक्षात आलं. मी विरंगुळा म्हणत होतो त्यावर सहा घरांच्या चुली पेटतात. हे मी तिला अजून बोललो नाही. बोलेन.

१२ ऑगस्ट

शिवांजलीला हॉस्टेलवर सोडून आलो. संयोगिता आली नाही, नर्सरी सोडता येत नव्हती. असं ती म्हणाली. निघताना ती जाळीत होती आणि हात धुवायला फार वेळ लावला तिनं.

ट्रंक मी भरली होती. प्रत्येक गोष्ट कुठं ते पोरीला दोनदा दाखवलं. ती साखळी-कुलपानं कॉटला बांधून दिली, खिडकीला जाळी ठोकून दिली. वॉर्डन बाई म्हणाल्या, "काका, आता निघा." पोरींचं हॉस्टेल, माणसांना वर थांबता येत नाही.

फाटकाजवळ शिवांजली पाया पडली. मी म्हणालो, "नीट ऱ्हा." आणखी बरंच होतं. बाहेर आलं नाही.

ज्ञानूकडं जायचं ठरलं होतं, गेलो नाही. सरळ स्टँडवर आलो. तो चढ उतरताना काहीच वाटत नाही.

गाडीत शेजारी कुणीतरी म्हातारा होता, सगळा रस्ता तो आपल्या नातवाबद्दल बोलत होता. कराड आलेलं कळलं नाही मला.

१४ ऑगस्ट

काल तिचा फोन आला होता, आईशी बोलली. सगळं छान आहे म्हणाली. मला फोन दिला तेव्हा मलाही तेच सांगितलं. फौजेतून मी घरी तेच सांगायचो.

१५ ऑगस्ट

सकाळी शाळेत झेंड्याला बोलावलं होतं, जाऊन आलो.

संध्याकाळी ट्रे मोजत होतो तेव्हा फोन वाजला. माझ्याच फोनवर, शिवांजली. आईचा फोन लागत नसेल असं वाटलं, म्हणून म्हणालो, "थांब, आईला देतो."

"न्हाई पप्पा. तुमच्याशीच बोलायचं हाय."

मी ट्रे खाली ठेवला.

"तुमी ट्रेनिंगला गेला, तवा तुमाला रडायला आल्तं का?"

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. संयोगितानंसुद्धा नाही. मी म्हणालो, "व्हय. बेळगावला. आंघोळीच्या नळाखाली उभा राहून रडायचो, मंजी पानी कुटलं आन् काय कुटलं कळू ने म्हनून. मग एक दिवस बघितलं तर शेजारच्या नळाखाली ज्ञानूबी तेच करत हुता."

ती हसली. हसता हसता नाक ओढलं.

"काय झालं बाळा?"

"काय न्हाई. मेसला जायचं हाय. सगळ्यांचे ग्रूप झालेत. मी एकटी जाऊन बसते तर सगळ्या बघतात असं वाटतं. काल जेवले न्हाई. परवाबी."

मला वाटलं गाडी पकडावी. चप्पल घालायला लागलोही होतो. मग म्हणालो, "असं कर. मी फोनवर हाय. फोन चालू ठिव आन् जा. ताट घे. टेबलावर फोन ठिव आन् जेव. बोलायचं न्हाई काय. मी आपला हितं बसतो."

"तुमचं काम?"

"तुझी आई बघती. मालकीन हाय ती."

ती गेली. मला जिन्याचे आवाज आले, मग पोरींचा गलका, मग भांडी. कुणीतरी "भाजी घे" म्हणालं. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. संयोगितानं लांबून हातानं विचारलं, कोण? मी हातानंच सांगितलं, थांब.

"पप्पा, हाय का?" ती हळूच म्हणाली.

"हाय. चपाती जाड हाय का अजून?"

"लय."

"चावून खा."

थोडा वेळ नुसतं जेवण चाललं. मग लांबून एका पोरीचा आवाज आला, "इथं कुणी बसलंय का गं?"

"न्हाई," शिवांजली म्हणाली. "बस की."

ताट ठेवल्याचा आवाज. कुठली तू? ही म्हणाली पलूस. ती म्हणाली फलटण. मग कुठल्या तरी सरांची नक्कल झाली आणि दोघी हसल्या. ती पोरगी म्हणाली, मला कालचं काहीच कळलं नाही, तुला कळलं का? आणि शिवांजली सांगायला लागली. सावकाश, नीट, एकातून एक. मध्ये मध्ये ती विचारायची, "कळलं?" मला कळत नव्हतं पण ऐकत होतो. सांगता सांगता तिचा आवाज मोठा होत गेला. ती फोनला विसरली होती.

मी फोन बंद केला.

संयोगिता जवळ आली. "काय म्हनत हुती?"

"जेवती हाय," मी म्हणालो.